चांदमिनार पाहताना

सुट्ट्या जवळ आल्या की वाचक आम्हाला हमखास एक प्रश्न विचारतात. मुलांना घेऊन जावे कुठे? खर्च फार नको, पण नुसते खाऊन-फिरून परत येणेही नको. प्रश्न रास्त आहे. आपल्या कष्टकरी घरांतला प्रवास ठरलेला असतो. लग्नकार्य, मयत, दवाखाना, नोकरीची मुलाखत. वर्षातून एकदा नागपूरची दीक्षाभूमी, नाहीतर ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी. निव्वळ पाहण्यासाठी घराबाहेर पडणे हे पैसेवाल्यांचे काम, अशी समजूत आपल्या मनात घर करून बसली आहे.

आम्हाला ही समजूत मान्य नाही. डोळे उघडे ठेवून पाहणे हे शिक्षणच आहे. ज्या समाजाने कुठून चालावे, कुठे थांबावे, कोणते पाणी प्यावे हे पिढ्यानपिढ्या दुसरेच लोक ठरवीत आले, त्या समाजाच्या लेकरांनी तर उंच जागी जाऊन चहूकडे नजर टाकलीच पाहिजे. म्हणून या खेपेस नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूरकडच्या वाचकांना आम्ही एक ठिकाण सुचवतो : दौलताबादचा किल्ला आणि त्यातला चांदमिनार.

आपल्या जिल्ह्यात उंचावरून मुलूख पाहायचा तर तोरणमाळ आहेच. पण माणसाच्या हातांनी बांधलेला, पाच शतकांहून अधिक काळ उभा असलेला, दोनशे फुटांहून उंच असा मिनार पाहायचा तर दौलताबाद गाठावे लागते.

वाट जुनीच आहे

नंदुरबारहून दोंडाईचा, तेथून धुळे, धुळ्याहून चाळीसगाव, मग घाट चढून कन्नड, पुढे वेरूळ, खुलताबाद आणि दौलताबाद. तेथून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, पंधरा-सोळा किलोमीटरवर राहते.

नंदुरबार आणि दौलताबाद यांचे नाते आजचे नाही. मोरोक्को देशाचा इब्न बतूता हा प्रवासी चौदाव्या शतकात, १३४२ च्या सुमारास, दौलताबादहून निघाला तो नंदुरबारला आला आणि तेथून गुजरातेत खंबायतकडे गेला. नंदुरबारचे कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी यांची त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंद केली आहे. दौलताबादच्या अंधारकोठडीत मांजरांनी पळ काढावा एवढे मोठे उंदीर होते, असेही त्याने लिहून ठेवले आहे. मुलांना ही गोष्ट सांगावी, ती खूश होतात. त्या वेळी चांदमिनार मात्र नव्हता. तो त्यानंतर शंभरएक वर्षांनी उभा राहिला.

याच वाटेवर चाळीसगाव लागते. तिथे गाडी पोचली की मुलांना झोपू देऊ नये. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीच्या कामासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात आले होते. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी त्यांना एक रात्र मुक्कामाचा आग्रह केला. महारवाड्यात न्यायला टांगेवाले तयार होईनात. महाराला टांग्यात बसवून हाकणे त्यांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातल्याच एकाने हाकायला घेतला. त्याला सवय नव्हती. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर आपटले आणि त्यांचा पाय मोडला. विलायतेत शिकलेला बॅरिस्टर, सरकारी समितीचा सभासद, आणि त्याला टांगेवाला मिळेना! आज आपण त्याच गावातून तिकीट काढून, खिडकीजवळची जागा धरून जातो. ही जागा आपल्याला फुकट मिळालेली नाही, एवढे लेकराला कळले तरी प्रवासाचे पैसे वसूल झाले.

किल्ल्याच्या दाराशी

दौलताबादचा डोंगर लांबूनच ओळखू येतो. भोवतीच्या सपाटीतून एकटाच वर आलेला, सुमारे दोनशे मीटर उंच, आणि त्याच्या खालच्या अंगाचा कडा माणसांनी तासून सरळ उभा केलेला. यादव राजा भिल्लम याने बाराव्या शतकात येथे राजधानी वसवली. तेव्हाचे नाव देवगिरी. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने स्वारी केली. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणली आणि दौलताबाद हे नाव रूढ झाले. मग बहमनी आले, निजामशाही आली, १६३३ मध्ये मोगलांनी किल्ला घेतला. काही काळ मराठ्यांकडेही तो होता. शेवटी हैदराबादच्या निजामाकडे राहिला, तो १९४८ पर्यंत. राजे आले, राजे गेले. प्रत्येकाने आपले नाव मागे ठेवले. कडा तासणाऱ्यांचे आणि चुन्याची घमेली वाहणाऱ्यांचे नाव कोणी ठेवले नाही.

पण आपल्या समाजाला या किल्ल्याचे दार ठाऊक असायला हवे ते दुसऱ्याच कारणासाठी.

१९३४ साली चळवळीतले तीसएक कार्यकर्ते सहलीला निघाले. बाबासाहेबांनी आपल्याबरोबर यावे असा त्यांचा हट्ट होता आणि वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले. वाटेत दौलताबाद. रमजानचा महिना होता. प्रवासात सगळे धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दाराबाहेर एक लहानसे तळे काठोकाठ भरलेले होते, भोवती दगडी फरशी. काही जणांनी त्या पाण्याने तोंड धुतले, पाय धुतले आणि मंडळी दारात गेली. आत जाण्याच्या परवानगीची विचारपूस चालली होती, तोच मागून एक पांढऱ्या दाढीचे वृद्ध गृहस्थ ओरडत आले. अस्पृश्यांनी तळे बाटवले, असा त्यांचा आरडाओरडा. पाहता पाहता जमाव जमला. शिव्यागाळ सुरू झाली. आम्ही परगावचे, आम्हाला येथला रिवाज ठाऊक नाही, असे मंडळींनी सांगितले, तर जमाव गावातल्या आपल्याच बांधवांवर उलटला. या लोकांना तुम्ही आधी का सांगितले नाही, म्हणून त्यांना दम भरला.

तेव्हा बाबासाहेबांनी त्या लोकांना विचारले की, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला, तर त्याला या तळ्याचे पाणी घेऊ देणार की नाही? जमाव निरुत्तर झाला. अखेर आत जायला मुभा मिळाली, पण अट अशी की किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि त्यावर लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात लिहिला आहे. महाडच्या चवदार तळ्याला, २० मार्च १९२७ ला, तेव्हा सात वर्षे होऊन गेली होती.

आम्ही गेल्या हिवाळ्यात नंदुरबारकडची चार कुटुंबे मिळून गेलो होतो, तेव्हा दारातून आत शिरण्यापूर्वी ही हकीकत मुलांना सांगितली. एका दहा वर्षांच्या मुलाने लगेच विचारले, "मग बाबासाहेबांनी किल्ला पाहिला का?"

"पाहिला ना बाळा. बंदूकवाला शिपाई मागे होता, तरी पाहिला."

आमच्याबरोबरच्या एका आजींनी काही न बोलता पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि पोरांना एकेक घोट दिला. शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी कुटुंबातल्या लेकराने हात पुढे केला, त्यालाही दिला. त्या आजींच्या लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांच्या आईला कोणीतरी वरून पाणी वाढेपर्यंत ताटकळावे लागे. त्यांनी ते सांगितले नाही, आम्हाला आधीपासून ठाऊक होते.

येथे आई-वडिलांना एक सांगणे आहे. ही गोष्ट सांगताना पोरांच्या मनात शेजारच्या मुसलमान कुटुंबाविषयी राग भरू नये. बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला तो अस्पृश्यतेचा रोग धर्माची वेस ओलांडून कसा सगळीकडे पसरला होता हे दाखवण्यासाठी. त्याच लेखनात हिंदूंनी दिलेल्या त्रासाचे आणि पारशी धर्मशाळेतून हाकलले गेल्याचे प्रसंगही आहेत. दोष मनातल्या उच्चनीचतेचा. आणि त्यावर त्यांनी काढलेला उपाय आपल्या राज्यघटनेत लिहिलेला आहे. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्या कलमाने सांगितले की सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी खुल्या असलेल्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा वापरण्यास धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला अडवता येणार नाही. किल्ल्याच्या दाराशी हे कलम मुलांना सांगून पाहा. पुस्तकात वाचलेले तिथे उमगते.

मिनार

दार ओलांडून आत गेले की चांदमिनार समोर येतो. बहमनी सुलतान दुसरा अल्लाउद्दीन याच्या काळात, पंधराव्या शतकाच्या मध्याला, तो उभारला गेला. किल्ल्यावरच्या विजयाची खूण म्हणून तो बांधला असे सांगतात. उंची सुमारे ६३ मीटर, म्हणजे दोनशे फुटांच्या वर. दिल्लीचा कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर आहे, त्यावरून कल्पना यावी. गोल बांधणी, चार मजले, आणि वर वर जाताना कोरीव तोड्यांवर तोललेले सज्जे. पायथ्याशी लहानशी मशीद आणि खोल्या आहेत. तळाच्या भागाला इराणी पद्धतीच्या निळ्या चकाकत्या फरशा लावलेल्या होत्या, त्यांचे तुकडे शोधायला मुलांना सांगावे.

आमच्या आजी मान मागे टाकून बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतला उच्चा! कसा बांधा व्हई?"

हाच खरा प्रश्न. वाफेवर किंवा विजेवर चालणारे यंत्र नव्हते. दगड, विटा, चुना, सगळे माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवर वर गेले. पाया ओळंब्यात नसता तर एवढ्या वर्षांत मिनार कलला असता. अक्षर न ओळखणाऱ्या गवंड्याला ओळंबा, सूत आणि काटकोन यांचे पक्के ज्ञान होते. आपल्या घरांत आजही कितीतरी जण बांधकामावर जातात. त्या बापाने मिनाराजवळ उभे राहून मुलाला ओळंबा म्हणजे काय ते सांगावे. त्या दिवशी गाईडची गरज पडणार नाही.

मुलांसाठी एक गणितही आहे. मीटरभर काठी जमिनीवर सरळ उभी धरा आणि तिची सावली मोजा. त्याच वेळी मिनाराची सावली मोजा. काठीची सावली अर्धा मीटर पडली असेल तर मिनाराची त्याच्या उंचीच्या निम्मी, म्हणजे साडेएकतीस मीटरच्या आसपास पडेल. मात्र मिनाराला जाडी आहे, म्हणून सावलीचे माप बुंध्याच्या मध्यापासून धरायचे. सातवीतली मुलगी हे सहज करू शकते. पावलांनी मोजले तरी उत्तर जवळपास येते.

मिनाराच्या आत जिना आहे, पण पर्यटकांना तो चढू देत नाहीत. यावर नाराज होऊ नये. ४ डिसेंबर १९८१ रोजी दिल्लीच्या कुतुबमिनाराच्या जिन्यात वीज गेली, अंधारात चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जण दगावले. त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती. तेव्हापासून तो जिनाही बंद आहे. अरुंद जिना, एकच वाट आणि गर्दी ही गाठ जीवघेणी असते. कुठल्याही यात्रेत हे ध्यानात ठेवावे.

उंचावरून

उंचावरून पाहायचे ते डोंगर चढून. सातशेहून अधिक पायऱ्या आहेत. वाटेत चिनी महाल लागतो, तिथे गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने कैदेत ठेवले होते. पुढे खडकात खोदलेला खंदक, त्यावरचा पूल, आणि मग 'अंधारी' हा भुयारी रस्ता. शत्रूला चकवण्यासाठी केलेली ही वळणे आजही काळीकुट्ट आहेत. पायऱ्या ओबडधोबड, वर वटवाघळे. बॅटरी हवीच. लहान मुलाचा हात सोडू नये.

भुयारातून बाहेर पडून आणखी वर गेले की बारादरी येते. शहाजहान बादशहाच्या मुक्कामासाठी १६३६ च्या सुमारास ती बांधली. तिथल्या कमानीत वाऱ्याला बसले की आलेला शीण उतरतो. शिदोरी सोडायचा मोह होतो, पण ती खाली उतरून सोडावी. येथे फक्त पाहावे.

खाली तटांची कडी एकात एक गुंतलेली दिसतात. पलीकडे शेते, गाव, रस्त्यावरच्या मुंगीएवढ्या गाड्या. आणि मघाशी ज्याच्याकडे पाहताना मान दुखली, तो चांदमिनार खडूच्या कांडीएवढा दिसतो. सुलतानाने विजयाची खूण म्हणून उभारलेला मिनार सातशे पायऱ्या चढलेल्या मजुराच्या पोराला खालच्या बाजूला दिसतो, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. मुले ती आपणहून बोलून दाखवतात.

मग आग्नेयेकडे नजर वळवावी. हवा स्वच्छ असेल तर संभाजीनगर शहराचा पसारा दिसतो. त्या शहरात नागसेनवन आहे. १९३४ साली ज्या मुलखात बाबासाहेबांच्या मंडळींना तळ्याचे पाणी नाकारले गेले, त्याच मुलखात १९५० मध्ये, सोळा वर्षांनी, त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय उघडले. पुढे त्याला मिलिंद हे नाव दिले. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा तो राजा मिलिंद. मराठवाड्यातल्या आणि खानदेशातल्याही कितीतरी गरीब पोरांनी तिथे पदव्या घेतल्या. त्याच शहरातल्या विद्यापीठाला, मोठ्या लढ्यानंतर आणि कित्येकांच्या बलिदानानंतर, १४ जानेवारी १९९४ रोजी बाबासाहेबांचे नाव मिळाले. पाणी नाकारले गेले तिथे बाबासाहेबांनी विद्येची पाणपोई घातली. बारादरीतून आम्हाला दिसले ते हेच. नाहीतर दूरवरची घरे काय, कुठल्याही टेकडीवरून दिसतात.

जाता जाता वेरूळ

परतीच्या वाटेवर वेरूळ करावे. एकूण ३४ लेणी, त्यांतली १ ते १२ बौद्ध. दहाव्या लेण्यात चैत्यगृह आणि तथागतांची भव्य मूर्ती आहे. पण पाचव्या लेण्यात अवश्य थांबावे. लांबच लांब दालन, आणि जमिनीलगत खडकात कोरलेले दोन सरळ बाक. जुन्या पुस्तकांत या लेण्याला 'महारवाडा' असे नाव दिलेले आढळते. भिक्खूंचे विहार आणि आपला वाडा एकाच नावाने ओळखला जावा, यावर मुलांशी बोलावे. बाबासाहेब १९३४ मध्ये तो अपमान गिळून याच लेण्यांच्या ओढीने पुढे निघाले होते.

काही उपयोगी सूचना

थंडीच्या दिवसांत जावे, एप्रिल-मेचे ऊन त्या खडकावर सोसवत नाही. सकाळी लवकर चढाईला लागावे. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, म्हणून तो वार टाळावा. पुरातत्त्व खात्याच्या अशा ठिकाणी पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. एसटीत २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे, तेव्हा आई, बहीण, सासूबाई यांना घरी ठेवून जाण्याला आता सबब उरलेली नाही. छातीचा किंवा गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी मिनारापर्यंत जाऊन सावलीत बसावे. तेवढे पाहूनही डोळ्यांचे पारणे फिटते. पाणी भरपूर न्यावे. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बरोबर असली की हॉटेलचा खर्च वाचतो.

आणि भिंतीवर नावे कोरू नयेत, खडूने 'जय भीम' सुद्धा लिहू नये. वारसा जपणे हे घटनेच्या ५१ अ कलमाने सांगितलेले नागरिकांचे कर्तव्य आहे. नाव लिहायचेच तर घरी येऊन वहीत लिहावे : अमुक तारखेला आम्ही दौलताबाद पाहिले, एवढ्या पायऱ्या चढलो, मिनाराची सावली एवढी भरली. मुलाने ते आपल्या हाताने लिहावे, खाली आई-बापाने सही करावी. सही येत नसेल त्या आजीने तेवढ्यासाठी सही शिकून घ्यावी. अशी वही ज्या घरात आहे, त्या घरातली पुढची पिढी कुठल्याही दाराशी थांबून परवानगी कोणाची घ्यायची असे विचारणार नाही. ती तिकीट काढील आणि सरळ आत जाईल.